मुडदूस, फॉस्फरस आणि सात देशांतली ६१ मुलं

मोगरा_नाशिक (धागाकर्ती)

खूप दिवस लिहीन म्हणत होते. आज समोर एक कागद आहे, त्यावर सही करायची की नाही हे पुढच्या भेटीपर्यंत ठरवायचंय, म्हणून बसलेच लिहायला. लांबण लागेल, समजून घ्या.

माझी लेक आठ वर्षांची आहे. सव्वा वर्षाची असताना चालायला लागली आणि तिचे पाय गुडघ्यातून बाहेर बाकायला लागले. शेजारच्या आजींनी बघताक्षणी सांगितलं, "मुडदूस आहे गं, हाडं मऊ राहिलीत." बालरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं आणि ड जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन दिलं. दीड महिन्याने एक्सरे काढला, फरक नाही. पुन्हा इंजेक्शन. मग दुसरे डॉक्टर, मग तिसरे. कोवळं ऊन, तेलाचं मालीश, नाचणीची आंबील, सगळं रीतसर चालू होतं. रक्तातलं ड जीवनसत्त्व भरपूर वर गेलं, हाडं होती तिथेच.

या काळात घरात एकच प्रश्न फिरत होता: गरोदरपणी हिने काय खाल्लं नाही? मी दूध पीत नव्हते, हे खरं आहे. ते सगळ्यांना पाठ झालं होतं.

अडीच वर्षांची असताना एकदा फॉस्फरस तपासला होता. २.६ आला. शेजारी छापलं होतं, २.५ ते ४.५. आकडा ठळक नाही, पुढे बाण नाही, म्हणून कोणी तिथे थांबलंच नाही. तो पल्ला मोठ्या माणसांचा होता. वाढत्या बाळाच्या रक्तात फॉस्फरस मोठ्यांपेक्षा बराच जास्त असावा लागतो, त्या वयात २.६ म्हणजे खूपच कमी. हे मला पुढे दीड वर्षाने कळलं. तो कागद अजून फायलीत आहे, मी तो टाकून देऊ शकत नाही.

शेवटी मुंबईला मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेकीला तपासलं, एक्सरे बघितला आणि नवऱ्याला म्हणाले, "जरा उभे राहता का? पावलं जुळवून." नवरा पाच फूट एक इंच, पाय किंचित बाकदार. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळे असेच आहेत, आईकडून आलंय." डॉक्टरांनी दोघांचंही रक्त आणि लघवी तपासायला दिली. नवऱ्याचा फॉस्फरस १.७ निघाला. चाळीस वर्षांत कोणी तपासला नव्हता.

आजाराचं नाव एक्सएलएच. क्ष गुणसूत्रावरून येणारा, फॉस्फेट कमी पडल्यामुळे होणारा मुडदूस. साधारण वीस हजारांत एकाला होतो. बापाला असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीत उतरतो, मुलात एकाही नाही. आईला असेल तर प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. म्हणजे सासूबाईंकडून नवऱ्याला, नवऱ्याकडून लेकीला. माझ्या दुधाचा काही संबंध नव्हता. सासूबाईंना समजावून सांगितलं त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मला म्हणाल्या, "तुला बोल लावला मी." त्यानंतर आमच्या घरात हा विषय कधी निघाला नाही.

आता लेक रोज पाच वेळा फॉस्फेटचं पातळ औषध घेते, जूलीज सोल्यूशन म्हणतात ते. सगळीकडे मिळत नाही, बनवून घ्यावं लागतं. आंबट-खारट, घशाला लागणारं. दुधाबरोबर देता येत नाही, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. जोडीला ड जीवनसत्त्वाचं तयार, म्हणजे क्रियाशील रूप. फॉस्फेट जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं, म्हणून सोनोग्राफी ठरलेली. शाळेच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी एक छोटी बाटली असते, तिच्यावर मी नेलपॉलिशने रेघा मारल्यात. मधल्या सुट्टीत एक रेघ, व्हॅनमध्ये बसायच्या आधी एक रेघ. कधी जुलाब होतात. पण पाय सुधारलेत, एक्सरेत दिसतं.

हे सगळं समजून घेताना मी खूप वाचलं. त्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३७ साली बॉस्टनला फुलर ऑलब्राइट यांनी असा एक रुग्ण नोंदवला, ज्याचा मुडदूस नेहमीच्या ड जीवनसत्त्वाला दाद देत नव्हता. पुढे कितीतरी वर्षं सगळे मूत्रपिंडाला दोष देत राहिले, कारण फॉस्फेट लघवीतून वाहून जायचं. १९९२ मध्ये अमेरिकेत हाच आजार असलेल्या आणि निरोगी उंदरांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली. आजारी उंदराचं मूत्रपिंड निरोगी अंगात गेल्यावर नीट वागायला लागलं आणि निरोगी मूत्रपिंड आजारी अंगात गेल्यावर फॉस्फेट सांडायला लागलं. म्हणजे हुकूम दुसरीकडून येत होता.

तो कुठून येतो, हे एकट्या देशाला शोधता आलं नसतं. जनुक सापडायला आजार असलेली पुष्कळ कुटुंबं लागतात, आणि ती एका इस्पितळाच्या दारात कधीच नसतात. इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या गटांनी आपापली कुटुंबं एकत्र केली आणि १९९५ मध्ये फेक्स नावाचं जनुक सापडलं. त्या शोधनिबंधावर लेखक म्हणून 'एच-वाय-पी कन्सॉर्शियम' असं संघाचं नाव आहे. मला ते फार आवडलं. २००० मध्ये, याच्यासारख्याच दुसऱ्या एका आजारावर काम करताना तशाच एका संघाला एफजीएफ-२३ हे द्रव्य सापडलं. हाडाच्या पेशी ते बनवतात आणि मूत्रपिंडाला सांगतात, फॉस्फेट सोड. फेक्स बिघडलं की हा निरोप थांबतच नाही. जपानी शास्त्रज्ञांनी त्या निरोपालाच अडवणारी प्रतिपिंडं तयार केली, त्यातून बुरोसुमॅब हे औषध आलं. २०१८ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलांमधल्या मोठ्या चाचणीत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, जपान आणि दक्षिण कोरिया असे सात देश, सोळा केंद्रं, आणि मुलं किती, तर ६१. एक ते बारा वर्षांची. २९ जणांना नवं औषध, ३२ जणांना माझ्या लेकीचं औषध.

आम्हाला ते औषध परवडत नाही. पण आज तो प्रश्न नाही. आमच्या डॉक्टरांनी विचारलंय की एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत लेकीची माहिती द्याल का? उंची, बसून उंची, एक्सरे, रक्ताचे आकडे, दातांच्या तक्रारी, दर वर्षी. थोडं रक्त जनुकासाठी. नाव जाणार नाही म्हणतात. नवरा म्हणतो द्यायची. माझं मन पुढे-मागे होतंय. कोणाला अनुभव आहे का?

---

सह्यकडा

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री लिहितो. सासूबाईंचा परिच्छेद दोनदा वाचला.

---

डॉ_निंबोणी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी. ताई, तुमचा तो २.६ चा कागद मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणार आहे.

इथे वाचणाऱ्या पालकांसाठी थोडं. बाकदार पाय म्हणजे एक्सएलएच असं कृपया समजू नका. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर बाकलेले असणं बहुतेक बाळांत स्वाभाविक असतं. मुडदूस असला तरी आपल्याकडे तो बहुतेक वेळा ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडल्यानेच होतो आणि उपचाराने सुधारतो. मनात शंका यावी ती तेव्हा, जेव्हा योग्य मात्रेनंतर तीन महिन्यांनीही एक्सरेत भरणी दिसत नाही. तेव्हा तिसरं इंजेक्शन देण्याआधी फॉस्फरस वयाच्या पल्ल्याशी ताडून पाहावा, लघवीतलं फॉस्फेट आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासावं, आणि आईवडिलांना उभं करून बघावं. त्या मुंबईच्या डॉक्टरांनी केलं तेच. त्याला पैसे लागत नाहीत.

आणखी एक. दात न किडता हिरडीला गळू येत असेल तर तेही एक्सएलएचचं लक्षण आहे. दंतवैद्यांनी हे लक्षात ठेवलं तर काही मुलं लवकर सापडतील.

---

कोयनाकाठ

ताई, मनापासून लिहितो, राग मानू नका. मी सही केली नसती.

सात देशांत चाचणी झाली त्यात भारत नव्हता. औषध आलं ते आपल्याला परवडत नाही. आणि आता आपल्या लेकरांचे आकडे आणि रक्त हवंय. आमच्या भागात मागे कोणीतरी येऊन शाळेतल्या पोरांची रक्तं घेऊन गेले. कशासाठी, काय निघालं, कोणी सांगायला परत आलं नाही. माझ्या पुतणीचा हात दोन दिवस सुजला होता. पुढं काय झालं त्याचा कागद नाही. असं करणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

---

अबोली

कोयनाकाठ, +१. पण मोगराताईंचे डॉक्टर त्यांना ओळखतात, विचारून चाललंय, हा फरक आहेच.

माझा एक प्रश्न. भाचा तीन वर्षांचा, पाय बाकदार, इंजेक्शन एकदा झालंय. फॉस्फरस कुठल्याही लॅबमध्ये होतो का?

---

डॉ_निंबोणी

होतो, अगदी साधी तपासणी आहे. लॅबवाल्याला मुलाचं वय सांगा आणि पल्ला वयाचा आहे का ते विचारा.

---

एक्सरे_सोलापूर

मी रेडिओग्राफर आहे. सोलापूरला शिकलो, आता ब्रिटनमध्ये मुलांच्या इस्पितळात काम करतो. कोयनाकाठ यांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पण त्यांना एक गोष्ट सांगाविशी वाटते.

मुडदुसाच्या बाळाचा मनगटाचा एक्सरे काढायचा तर तळहात सपाट हवा, बोटं थोडी फाकलेली. दीड वर्षाचं पोर हात सपाट ठेवत नाही. मी आईला सांगतो, तुमचा हात आधी ठेवा. आईचा हात प्लेटवर बघितला की पोर आपला हात शेजारी ठेवतं, मग आईने हळूच काढून घ्यायचा. मिळालेल्या चित्रात हाडाच्या टोकाशी बघायचं. निरोगी हाडाची कड रेघेसारखी स्वच्छ असते. मुडदुसात ती झिजलेल्या झाडूच्या टोकासारखी विसकटलेली आणि कपासारखी खोलगट दिसते.

आता 'विसकटलेली' म्हणजे किती? मी म्हणेन फार, तुम्ही म्हणाल थोडी. म्हणून गुण द्यायची एक पद्धत आहे, मनगटाला चारपैकी, गुडघ्याला सहापैकी, एकूण दहा. बुरोसुमॅबच्या चाचणीत मुलं घेताना हाच स्कोअर वापरला होता. तो कुठून आला माहीत आहे? नायजेरियातल्या मुलांच्या एक्सरेवरून. जोस नावाच्या शहरात टॉम थॅचर हे अमेरिकन डॉक्टर काम करत होते. तिथे ऊन भरपूर, तरी मुडदूस भरपूर. स्थानिक डॉक्टर आणि जोहान्सबर्गचे जॉन पेटिफोर यांच्या जोडीने त्यांनी १२३ मुलांची चाचणी केली, ती १९९९ मध्ये छापून आली. काहींना नुसतं ड जीवनसत्त्व, काहींना नुसतं कॅल्शियम, काहींना दोन्ही. नुसत्या ड जीवनसत्त्वाने फारसं साधलं नाही, कॅल्शियम मिळालेली मुलं मात्र चांगली सुधारली. मक्यावर वाढणारी, दूध न मिळणारी मुलं ती. त्या कामातून ही दहा गुणांची पट्टी आली.

म्हणजे जगातल्या महाग औषधांपैकी एकाने फायदा होतो की नाही, हे ठरवताना जी पट्टी धरली, ती आफ्रिकेतल्या गरीब मुलांच्या मनगटांवरून आखलेली आहे. मी कामावर रोज ती वापरतो. त्या मुलांना त्यातून कॅल्शियमचं उत्तर मिळालं, हे मला समाधानाचं वाटतं. चुनखडीची भुकटी, सुक्या मासळीची भुकटी, असे स्वस्त उपायही पुढे तिथेच तपासले गेले. सगळीकडे असं परत मिळत नाही, कोयनाकाठ यांचं म्हणणं तिथे खरंच आहे.

---

मोगरा_नाशिक

एक्सरे_सोलापूर, आईचा हात आधी ठेवायची युक्ती आम्हाला कोणी सांगितली असती तर! माझ्या लेकीचे दोन्ही हात दोघींनी दाबून धरले होते. अजून एक्सरेच्या खोलीच्या दाराशी ती थबकते.

---

पोषणताई

मी अंगणवाडी सेविका, एकवीस वर्षं झाली. मोठमोठं ज्ञान नाही पण मोजमापाचं सांगू शकते.

दोन वर्षांखालचं बाळ आडवं झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. आडवं मापलं की साधारण पाऊण सेंटीमीटर जास्त भरतं, म्हणून कसं मोजलं ते लिहायचं असतं. टाच भिंतीला, नजर समोर. बाळ रडतं, गुडघा वर घेतं, आणि एकटीला ते नीट जमतच नाही, दुसरं माणूस लागतंच. घाईत मोजलं की मूल 'खुजं' लागतं किंवा खुजं असून सुटतं. मी नवीन मुलींना सांगते, माप चुकलं तर पुढचं सगळं चुकलं.

मुलांची वाढ बघायच्या आमच्या तक्त्यांविषयी प्रशिक्षणात सांगितलं होतं ते अजून लक्षात आहे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, या सहा देशांतल्या एकेका शहरातली मुलं मोजून ते केलेत. आपल्याकडे दक्षिण दिल्ली. मी विचारलं होतं, नॉर्वेच्या पोरांबरोबर आमच्या पोरांना कसं मोजता? बाईंनी सांगितलं, आईचं दूध मिळालं, आई विडी-सिगारेट ओढत नसली, आजारपणात उपचार मिळाले, तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. मला ते त्या दिवशी खरं वाटलं नव्हतं.

---

सह्यकडा

रुमाल उचलतो. पोषणताई, तुमच्या बाईंनी बरोबर सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा तो अभ्यास १९९७ ते २००३ चालला, साधारण साडेआठ हजार मुलं, तक्ते २००६ मध्ये आले. मुलांच्या लांबीत जो फरक दिसला त्यातला देशादेशांमधला वाटा फक्त ३ टक्क्यांच्या आसपास होता. एकाच शहरातल्या एका मुलात आणि दुसऱ्या मुलात त्याच्या कितीतरी पट. 'आपल्याकडची मुलं असतातच बुटकी' हे वाक्य त्या एका आकड्याने निकालात निघायला हवं होतं. मोगराताईंच्या सासरी चाळीस वर्षं 'आमच्याकडे सगळे असेच' म्हणत आजार दडून राहिला, तेव्हा ते वाक्य किती नुकसान करतं हे दिसतंच आहे.

पुण्याचंही सांगतो, कारण तिथे मी राहिलोय. पुण्याच्या केईएम इस्पितळाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास, साउदम्प्टनची साडेतीन. मधुमेहाच्या संदर्भात हा अभ्यास सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडंही मोजली. गरोदरपणी ज्या आया दूध, डाळी, पालेभाज्या, फळं अशा कॅल्शियमवाल्या गोष्टी जास्त वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिज जास्त भरलं. (मोगराताई, हे साध्या निरोगी मुलांबद्दल आहे, तुमच्या लेकीच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. मुद्दाम लिहितोय.) आणि पुण्यातल्याच जहांगीर इस्पितळाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या गटाने, मँचेस्टरचे डॉ. मुघल यांच्या बरोबरीने, गरीब घरांतल्या दोन-तीन वर्षांच्या बाळांना वर्षभर कॅल्शियम घातलेले लाडू देऊन हाडांची भरणी पाहिली. लाडू! गोळी दिली असती तर घरी गेल्यावर डबीत राहिली असती. इथल्या माणसांशिवाय हे कोणाला सुचलं नसतं.

---

आजोळ

माझ्या मुलाला अकॉन्ड्रोप्लेजिया आहे, म्हणजे हाडांची वाढ खुंटून उंची फार कमी राहते. वेगळा आजार, पण ताईंच्या प्रश्नाशी जवळचा.

आमच्या दोघांच्या घरात कोणालाच नाही. बहुतेक अशीच मुलं असतात, साधारण दहांतल्या आठांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे. एफजीएफआर-३ जनुकातला एक अक्षराचा बदल, तो १९९४ मध्ये सापडला. हा बदल हाडाच्या वाढीला सतत 'थांब' म्हणत राहतो. त्याला शह देणारं सीएनपी नावाचं द्रव्य १९९० मध्ये जपानमध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं. तेव्हा कोणाच्या मनात हाडं नव्हती. २००४ मध्ये क्योटोच्या गटाने उंदरांत दाखवलं की ते वाढवलं तर खुंटलेली हाडं वाढतात. त्यावरून व्होसोरिटाइड हे औषध बनलं. मेलबर्नच्या डॉ. रवी सवरीरायन यांच्या पुढाकाराने सात देशांत चाचणी झाली, १२१ मुलं. रोज एक इंजेक्शन, वर्षाला सरासरी १.५७ सेंटीमीटर जास्त वाढ. २०२१ मध्ये मान्यता.

दीड सेंटीमीटर ऐकून नातेवाईक म्हणतात, एवढंच? मी त्यांना बेसिनपाशी नेतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, नळापर्यंत हात पोचायला त्याला दोन सेंटीमीटर कमी पडतात. तोवर पाट आहे. उंचीपेक्षा मला त्याच्या मानेची, झोपेत श्वास अडकण्याची काळजी जास्त आहे, आणि त्याबद्दल औषधाने काय होतं ते कळायला मुलांना वर्षानुवर्षं बघावं लागेल. ते फक्त नोंदणीतूनच कळेल. म्हणून मी आमच्या मुलाची माहिती दिली आहे.

एक मात्र लिहितो. त्याच्यासारखी मोठी झालेली माणसं मला भेटली आहेत. त्यांतल्या काहींना असं औषधच नको वाटतं, आम्ही आजारी नाही म्हणतात. त्यांचं ऐकल्यावर मी मुलाशी बोलायची भाषा बदलली.

---

कागदपत्र

माझ्या मुलीची हाडं ठिसूळ आहेत, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. पाच वर्षांत सात फ्रॅक्चर. तिला मिळणारं औषध महाग नाही. माँट्रियलच्या डॉ. ग्लोरिओ यांनी १९९८ मध्ये ३० मुलांवर पामिड्रोनेट हे हाडं बळकट करणारं औषध वापरून दाखवलं, आणि आज तशीच औषधं आपल्याकडे मिळतात, सलाइनमधून देतात. तीस मुलांवरचं काम माझ्या मुलीपर्यंत पोचलं.

सरकारी बाजूचं ज्यांना हवं त्यांच्यासाठी: २०२१ चं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आहे. त्यात ठरवलेल्या केंद्रांमधून मदत ५० लाखांपर्यंत वाढवली आहे, मुंबईचं केईएम त्यांतलं एक केंद्र. आजार यादीत असावा लागतो. ठिसूळ हाडांचा आहे. केंद्रात जाऊनच विचारा आणि मूळ कागदांच्या तीन-तीन प्रती घेऊन जा.

---

पारिजात_लॅब

मी एका संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीत बाहेरची सदस्य म्हणून बसते. कोयनाकाठ, तुमच्या शाळेत जे झालं ते चूकच होतं. रक्त घेतल्यावर निष्कर्ष सांगायला परत न येणं याला माझ्याकडे समर्थन नाही.

आता नियम काय आहेत ते. परदेशी संस्थेबरोबरच्या आरोग्य संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीखेरीज आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. पालकांची लेखी संमती लागतेच, पण सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकारही घ्यावा लागतो. बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. तुमची लेक आठ वर्षांची, तिला विचारलं गेलं पाहिजे. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये.

मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरांना हे विचारलं असतं: रक्ताचा नमुना भारतात राहणार की बाहेर? उरलेलं रक्त दुसऱ्या कामाला वापरणार का? जनुकाचा निष्कर्ष आम्हाला कळवणार का, कोण, किती दिवसांत? माहिती औषध कंपनीला मिळणार का? पैसा कोणाचा आहे? आणि कागद मराठीत मागा. मराठी प्रत द्यायलाच हवी, आणि ती वाचून कळत नसेल तर कळेल अशी मागा. समितीत आम्ही ती प्रत मोठ्याने वाचतो. जिथे वाचताना अडखळायला होतं तिथे बदलायला लावतो.

---

कोयनाकाठ

पारिजात, हे प्रश्न लिहून घेतले. शाळेत पुढच्या वेळी कोणी आलं तर हेच विचारणार. मोगराताई, तुम्ही काय ठरवलं ते नक्की कळवा.

---

मोगरा_नाशिक

सगळ्यांची खूप आभारी आहे. काल भेट झाली, त्याचं लिहिते.

पारिजात यांचे पाचही प्रश्न कागदावर नेले होते. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून एकेकाचं उत्तर दिलं. रक्त भारतातल्याच प्रयोगशाळेत तपासणार, बाहेर फक्त आकडे जाणार. जनुकाचा निष्कर्ष आम्हाला देणार. नोंदणीला एका औषध कंपनीचा पैसा आहे, हे त्यांनी लपवलं नाही. उरलेल्या रक्ताच्या रकान्यात मी 'नाही' वर खूण केली. ते म्हणाले, चालेल, तेवढ्याने नाव गळत नाही.

मग त्यांनी लेकीला विचारलं. मराठीत, तिच्या उंचीला वाकून. तिने दोन गोष्टी विचारल्या. एक, दुसऱ्या देशातल्या मुलींनाही हे खारट औषध आहे का. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणींना आहे. दुसरं, रक्त किती घेणार. त्यांनी नळी दाखवली, रेघेवर बोट ठेवून. ती म्हणाली, "एवढंच ना, मग घ्या." मी सही केली.

उंची ११२ सेंटीमीटर. बसून उंची वेगळी मोजली, कारण या आजारात धड नीट वाढतं आणि पाय मागे राहतात. पोषणताई, दोघींनी मिळून मोजलं, एकीने टाचा धरल्या होत्या. तुमची आठवण आली.

सासूबाई पण आल्या होत्या आमच्याबरोबर, आपण होऊन. सत्तरीला आल्यात, टाचेचं आणि कमरेचं दुखणं गेली तीस वर्षं 'वयाचं' म्हणून काढलंय. त्यांनीही रक्त दिलं. फॉस्फरस १.९. डॉक्टरांनी त्यांचं वेगळं केसपेपर काढलं. ते पाकीट त्यांनी घरी येईपर्यंत मांडीवरच ठेवलं होतं.

अबोली, भाच्याची तपासणी झाली की नुसता आकडा लिहू नका, वय आणि लॅबने शेजारी छापलेला पल्ला पण लिहा. डॉ_निंबोणी आहेतच इथे.